वॉचमेन, भाग ६: कृष्णधवल आठवणीत पियानो तेवढा रंगीत का? (सातव्या भागापुढचं कृपया फोडू नका)

निशाचर_७७

एचबीओच्या 'वॉचमेन'चे सहा भाग पाहून झाले, सातवा अजून पाहिलेला नाही. मूळ कॉमिक वाचलेलं नाही. सहावा भाग (धिस एक्स्ट्राऑर्डिनरी बीइंग) भन्नाट आहे एवढं कळलं, पण पुढच्या गोष्टी डोक्यात बसत नाहीयेत:

१. सुरुवातीला हूडेड जस्टिस या बुरखाधारी वीराचा बुरखा निघतो तेव्हा आत गोरा माणूस असतो. तासाभरात तोच हूडेड जस्टिस म्हणजे विल रीव्हज, काळा पोलिस. मग पहिला कोण?
२. सगळा भाग कृष्णधवल असताना मधूनच पियानो वाजवणारी बाई रंगीत का दिसते?
३. विलच्या जागी अचानक नायिका अँजेला उभी असते. ती खरंच तिथे गेली आहे, की नुसतं बघते आहे?
४. संमोहनाचा प्रोजेक्टर जरा अतीच वाटला. आधी कुठे त्याची पेरणी होती का?
५. कॉमिक न वाचता पुढे जाऊ, की थांबून वाचू?

कॉमिक वाचलेल्या मंडळींना विलचं प्रकरण पटलं का, तेही सांगा. 'मूळ पात्राची वाट लावली' असंही बऱ्याच ठिकाणी वाचलं.

---

दोरीवरचा_कंदील

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, पण ते कळलं नाही तर पुढचा अख्खा भाग डोक्यावरून जातो.

सुरुवातीचा प्रसंग 'अमेरिकन हिरो स्टोरी'मधला आहे. मालिकेच्या जगात लोक टीव्हीवर बघतात ती ही मालिका, म्हणजे मालिकेतली मालिका. दुसऱ्या भागात तिचा एक तुकडा येऊन गेला होता: किराणा दुकानात दरोडा पडलेला असतो आणि हूडेड जस्टिस काच फोडून आत उडी मारतो, हाणामारी संथगतीत, सगळं चकचकीत. सहाव्यात एफबीआयवाले त्याला कॅप्टन मेट्रोपोलिस (नेल्सन) या दुसऱ्या बुरखाधारी वीराबरोबरच्या संबंधांवरून धमकावतात, बुरखा काढायला लावतात आणि आतून निघतो शेयन जॅक्सन हा गोरा नट. त्या जगातल्या सगळ्या प्रेक्षकांना हीच 'खरी' हकिगत वाटते.

आता दुसऱ्या भागातला तो दुकानाचा प्रसंग आणि सहाव्यातला दुकानाचा प्रसंग लागोपाठ पाहा. सहाव्यात विल दुकानात शिरतो तो मागच्या खोलीत जमलेल्या सायक्लॉप्सच्या (गोऱ्या वंशवाद्यांची गुप्त संघटना) टोळक्यासाठी. मारामारी अंगाशी येते आणि तो काच फोडून बाहेर उडी मारतो. काच तीच, दुकान तेच, उडीची दिशा उलटी. जीव वाचवून पळणारा माणूस लोकांच्या तोंडी जाता जाता दरोडा मोडायला आलेला वीर होतो. कॉमिकमध्येही ही घटना वर्तमानपत्री बातमीसारखीच येते: सुपरमार्केटमधला दरोडा, खिडकीतून घुसलेला बुरखाधारी. लेखकांनी मूळ बातमी खोडलेली नाही, ती चुकीची छापली गेली एवढंच म्हटलं. मला ही युक्ती अख्ख्या मालिकेत सर्वांत आवडली.

---

चौकट_आणि_चाळा

२ आणि ३ चं मी घेतो.

कृष्णधवल म्हणजे विलची आठवण. नॉस्टॅल्जिया ही ट्रू कंपनीची गोळी. त्या त्या माणसाच्या आठवणी त्याच्यासाठी गोळीत भरायच्या, मूळ हेतू विस्मरण झालेल्या म्हाताऱ्यांना मदत. लोक व्यसनासारख्या खाऊ लागले, डोकी फिरली, म्हणून बंदी आली. दुसऱ्याची गोळी खाणं त्याहून धोक्याचं, आणि अँजेलाने पाचव्या भागाच्या शेवटी आख्खी बाटली घशात ओतलेली आहे. त्यामुळे ती 'बघत' नाही, ती विल होऊन जगते आहे. भूतकाळात मात्र ती गेलेली नाही. तिथे कुणालाही ती दिसत नाही, समोरच्यांना विलच दिसतो.

आता रंग. पियानो वाजवणारी बाई म्हणजे विलची आई. पहिल्या भागाची सुरुवात आठवा: टल्सा, १९२१, ड्रीमलँड थिएटर, पडद्यावर मूकपट, आई पियानोवर आणि पोरगं एकटंच पिक्चर बघत बसलेलं. सहाव्यात ही आई येते ती आठवणीच्या आतली आठवण म्हणून. १९३८ चा विल स्वतःच १९२१ आठवतो आहे. एकात एक असे दोन थर कृष्णधवलमध्येच दाखवले असते तर प्रेक्षकाचा गोंधळ उडाला असता, म्हणून आतला थर रंगीत. रंग आला की समजायचं, विलची जुनी जखम उघडी पडली.

अदलाबदलीची गंमत कॅमेऱ्यात आहे. या भागातले बरेचसे प्रसंग लांबच लांब शॉटमध्ये घेतलेत. कॅमेरा विलभोवती फिरतो, मधून कुणाची तरी पाठ जाते किंवा विल चौकटीबाहेर पडतो आणि कॅमेरा परत येतो तेव्हा त्याच गणवेशात, त्याच जागी रेजिना किंग (अँजेलाचं काम करणारी नटी) उभी. साधा कट मारून चेहरा बदलला असता तर 'ही कल्पना करते आहे' असं वाटलं असतं. शॉट तुटत नाही, म्हणून अंग एकच आणि आत माणसं दोन असा भास होतो. मालिका कुठे तुम्हाला अँजेलाचा चेहरा दाखवते तेही बघा: शांत प्रसंगी नाही, तर सगळं असह्य होतं तिथे. फासावरून खाली पडल्यावर जमिनीवर श्वासासाठी धडपडणारा चेहरा तिचा आहे.

फासाचा प्रसंग तर शक्यतो आवाज मोठा ठेवून किंवा हेडफोन लावून बघा. विलच्या डोक्यावर पिशवी चढते तेव्हा आपणही पिशवीच्या आत जातो. दिसायचं जवळजवळ बंद, उरतो तो श्वास, दोराचा करकर आवाज आणि बाहेरच्यांचं बोलणं. ते त्याला मरू देत नाहीत, ऐनवेळी दोर कापतात आणि पुढच्या वेळी कापणार नाही अशी तंबी देतात. तंबी देणारे त्याच्याच पोलिस ठाण्यातले सहकारी.

या भागाच्या छायाचित्रणाला २०२० चं एमी मिळालं (ग्रेगरी मिडल्टन) आणि लेखनालाही (डेमन लिंडेलॉफ आणि कॉर्ड जेफरसन). दिग्दर्शक स्टीफन विल्यम्स.

---

पानसुपारी

टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी एक तांत्रिक सूचना, कारण 'काळं काळं दिसतंय, कोण कुणाला मारतंय कळत नाही' ही तक्रार या भागाबद्दल वारंवार येते. बहुतेक वेळा दोष टीव्हीच्या सेटिंगचा असतो.

पिक्चर मोड 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर आधी तो बदला. फिल्ममेकर, सिनेमा किंवा मूव्ही, टीव्हीत जे नाव असेल ते. व्हिविडमध्ये कॉन्ट्रास्ट ताणला जातो आणि गडद करड्या छटा सरसकट काळ्या होतात. या भागात काळा बुरखा, रात्रीची गल्ली आणि गडद कोट एकाच चौकटीत आहेत, त्या छटा गेल्या की हाती काहीच उरत नाही. मग मोशन स्मूदिंग पूर्ण बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण नावात बहुधा मोशन हा शब्द असतो. लांब शॉटमध्ये कॅमेरा फिरतो तेव्हा हे चालू असेल तर कडा थरथरतात आणि सगळं दुपारच्या डेली सोपसारखं गुळगुळीत दिसतं. कलर टेंपरेचर 'वॉर्म'वर आणा. 'कूल'वर कृष्णधवल चित्राला निळसर झाक येते. शेवटी खोलीतल्या उजेडाप्रमाणे आपोआप ब्राइटनेस बदलणारं सेन्सर बंद करा. खोलीत अंधार केला की हा शहाणा चित्रही अजून अंधारं करतो.

एवढं करूनही भिंतींवर पट्टे पट्टे दिसत असतील तर दोष नेटच्या वेगाचा. आकाश, धूर आणि सावल्या यांच्यावर कॉम्प्रेशनचा मार सर्वांत आधी बसतो. ॲपमध्ये डाउनलोडची सोय असेल तर वरच्या दर्जाचं डाउनलोड करून बघा. आणि मोबाइलवर बघत असाल तर निदान दिवसाउजेडी खिडकीजवळ बसून बघू नका.

---

तळटीप_तात्या

चौथा प्रश्न. पेरणी आहे, आणि ती तुमच्या नाकासमोर होती.

पहिल्या भागात चाकाच्या खुर्चीवरचा म्हातारा विल अँजेलाला विचारतो, मी दोनशे पौंड उचलू शकेन असं वाटतं का? (म्हणजे साधारण ९० किलो.) मग पोलिसप्रमुख जड क्रॉफर्ड झाडाला लटकलेला सापडतो आणि विल म्हणतो, मीच लटकवलं. पाच भाग आपण डोकं खाजवतो की म्हाताऱ्याने हे वजन उचललं कसं, त्याला कुणी मदत केली, की त्याच्याकडे काही शक्ती आहे? सहाव्यात उत्तर येतं: उचलावंच लागलं नाही. लुकलुकणारा दिवा जडच्या डोळ्यांवर धरला आणि गळ्यात फास त्याच्याच हाताने घालायला लावला. चाळीसच्या दशकात सायक्लॉप्सकडून हिसकावलेलं तंत्र, हातात मावेल एवढं छोटं करून.

प्रोजेक्टरच का, याला मालिकेत स्वतःचं तर्कशास्त्र आहे. हार्लेमच्या थिएटरात पिक्चर चालू असताना काळे प्रेक्षक अचानक एकमेकांवर तुटून पडतात. बाहेरच्या पोलिसांना ती नेहमीची दंगल वाटते, कोण चौकशी करणार? विल मागोवा काढत गोदामापर्यंत पोचतो, तिथे एक जण मायक्रोफोनसमोर बसून संमोहनाच्या आज्ञा शांतपणे रेकॉर्ड करत असतो. जुनं ऑफिसचं काम असल्यासारखा. मला त्या प्रसंगात बंदुकीपेक्षा त्याच्या आवाजाचीच जास्त भीती वाटली.

आता हे पहिल्या भागातल्या थिएटरशी जोडा. लहान विल पडद्यावर मूकपट बघत असतो: काळा बुरखा घातलेला घोडेस्वार गोऱ्या शेरीफला दोर टाकून पकडतो, बुरखा काढतो आणि आत निघतो बॅस रीव्हज, काळा मार्शल. मूकपट मालिकेसाठी रचलेला, पण बॅस रीव्हज खरा. १८३८ मध्ये आर्कान्सात गुलाम म्हणून जन्म, १८७५ पासून डेप्युटी यूएस मार्शल, ३,००० हून जास्त अटका त्याच्या नावावर सांगितल्या जातात, १९१० मध्ये मृत्यू. विलने 'रीव्हज' हे आडनाव तिथून उचललं. म्हणजे एका पोराला पडद्याने न्यायावर विश्वास ठेवायला शिकवलं आणि पुढे तोच पडदा त्याच्या लोकांवर सोडला गेला. प्रोजेक्टर अतिरंजित आहे हे खरं, पण उगाच आणलेला नाही.

बुरखा, दोर आणि पकडलेला गोरा शेरीफ. त्या मूकपटातल्या तिन्ही वस्तू सहाव्या भागात परत येतात, प्रत्येक वेळी वेगळ्या हातात. मोजून बघा.

---

निशाचर_७७

दोनशे पौंडांचं डोक्यात आलंच नव्हतं! एक उपप्रश्न: जड मेला २०१९ मध्ये. ती आठवण गोळ्यांत आली कशी? विलने गोळ्या आधीच करून ठेवल्या असतील ना?

---

दोरीवरचा_कंदील

नाही, क्रम जुळतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी विलसकट अँजेलाची गाडी आकाशात उचलली जाते. तिसऱ्याच्या शेवटी तीच गाडी रिकामी वरून आदळते. गोळ्यांची बाटली त्यानंतर गाडीत सापडते. चौथ्या भागात अँजेला ती लुकिंग ग्लास या पोलिस सहकाऱ्याकडे तपासायला देते आणि पाचव्यात तो सांगतो की हे नॉस्टॅल्जिया आहे. जड तर पहिल्या भागातच गेला. मधल्या काळात विल लेडी ट्रूकडे होता आणि गोळ्या तिच्याच कंपनीच्या. चौथ्याच्या शेवटी ट्रू त्याच्यावर वैतागतेसुद्धा: सरळ सांगून टाक ना तू कोण ते, हा गोळ्यांचा खेळ कशाला? त्याचं म्हणणं, तिने ते स्वतः अनुभवायला हवं. तेव्हा ते संभाषण अर्धवट वाटतं, सहावा बघून परत ऐका.

---

रद्दीतला_राजा

मी विरोधी बाकावरून बोलतो. भाग उत्तम बांधलाय, वाद नाही. पण कॉमिकच्या कसोटीवर तीन ठिकाणी ताण पडतो आणि 'सगळं चपखल बसतं' असं म्हणणारे ती पानं उलटत नाहीत.

एक. पहिल्या तीन अंकांच्या शेवटी 'अंडर द हूड' या आत्मचरित्रातली प्रकरणं छापलेली आहेत, लेखक होलिस मेसन, म्हणजे पहिला नाइट आऊल हा बुरखाधारी वीर. त्यात तो लिहितो की हूडेड जस्टिसला हिटलरच्या राजवटीची उघड तारीफ करताना त्याने स्वतः ऐकलं. टल्साच्या कत्तलीतून वाचलेला काळा पोलिस, जो ज्यू माणसाचं दुकान पेटवणाऱ्या फ्रेडला पकडतो, तो नाझींची तारीफ करेल?

दोन. त्याच आत्मचरित्रात हूडेड जस्टिस म्हणजे रोल्फ म्युलर हा जर्मन कुटुंबातला, सर्कशीतला पहिलवान असावा असा अंदाज आहे. तो अंदाज अंगकाठीवरूनही बांधलेला. जोव्हन अडेपो अभिनय अफलातून करतो (त्याला एमीचं नामांकनही होतं), पण सर्कशीतला राक्षसी पहिलवान तो नव्हे.

तीन. कॉमिकमध्ये १९४० मध्ये कॉमेडियन (मिनिटमेन या बुरखाधारी वीरांच्या गटातला) गटातल्याच सॅली ज्युपिटरवर हात टाकतो तेव्हा मध्ये पडून त्याला बदडणारा हूडेड जस्टिसच. त्यानंतर तो सॅलीशी ज्या कोरडेपणाने बोलतो, तो माणूस सहाव्या भागातला विल वाटत नाही.

शिवाय ॲलन मूर यांनी या मालिकेशी काहीही संबंध ठेवलेला नाही. त्यामुळे 'मूळ लेखकाच्या मनात हेच होतं' असं कुणी म्हणत असेल तर ते सोडून द्या.

---

तळटीप_तात्या

@रद्दीतला_राजा, पहिला मुद्दा सर्वांत वजनदार आहे, त्यावरच बोलतो.

होलिस मेसन हा साक्षीदार आहे, निवेदक नव्हे. कॉमिकमधली ही सगळी जोडपानं (आत्मचरित्र, पत्रं, मुलाखती) मुद्दाम एकेका माणसाच्या मर्यादेत लिहिलेली आहेत. होलिसला म्युलरबद्दल तरी खात्री कुठे आहे? म्युलर नाहीसा झाल्याची तारीख आणि हूडेड जस्टिस दिसेनासा झाल्याची तारीख जुळते आणि अंगकाठी सारखी, एवढ्यावर त्याचा डोलारा. आणि नाझींची तारीफ: सहाव्या भागात विलची बायको जून त्याला सांगतेच की लोकांना बुरख्याखाली आपल्यातलाच गोरा माणूस आहे असं वाटायला हवं. म्हणून ती डोळ्यांभोवती पांढरा रंग लावते. १९३९-४० च्या मिनिटमेनमध्ये, जिथे कॅप्टन मेट्रोपोलिस काळ्या लोकांबद्दल जाहीर बोलताना लाज बाळगत नाही, गोरेपणाचं सोंग वठवायला माणूस काय काय बोलेल? मालिका हे स्पष्ट म्हणत नाही, तो माझा जोड आहे. पण जोड बसायला जागा आहे.

अंगकाठीचा मुद्दा मान्य. तिथे मालिकेने डोळेझाक केली. डोळ्यांभोवतीच्या कातडीचा मात्र विचार केलेला आहे: कॉमिकच्या रंगीत चित्रांत बुरख्याच्या छिद्रांतून गोरी कातडी दिसते, त्याचं उत्तर जूनच्या डबीत आहे.

या डबीवरून एक गोष्ट दाखवतो. अँजेला सिस्टर नाइट होते तेव्हा डोळ्यांवर काळा रंग फवारते. तिच्या आजोबांनी त्याच जागी पांढरा लावला होता, आणि तिला ते माहीतही नव्हतं. पहिल्या भागापासून ती आरशासमोर जे करते आहे त्याचा अर्थ सहाव्या भागात बदलतो. भागाच्या उत्तरार्धात विलचा लहान मुलगा आरशासमोर बसून बापाचा पांढरा रंग स्वतःच्या तोंडाला फासतो, विल तो खसाखसा पुसून काढतो, पोर घाबरतं. जून त्याला घेऊन टल्साला निघून जाते. अँजेलाच्या घराण्याचा टल्साशी संबंध तुटता तुटता परत जुळला तो असा.

---

रद्दीतला_राजा

सोंगाचा तर्क चालेल. सॅलीचा मुद्दा माझ्याकडून तसाच उभा.

बाकी एक द्यायला हवं: मेट्रोपोलिसबरोबरचे संबंध मालिकेने हवेतून काढलेले नाहीत. नवव्या अंकाच्या शेवटी सॅलीच्या कात्रणवहीत तिचा एजंट लॅरी शेक्सनेडरचं पत्र आहे, त्यात दोघांच्या भांडणाचा उल्लेख येतो. सॅली ही हूडेड जस्टिसची 'मैत्रीण' म्हणून मिरवली जायची ती लोकांना दाखवण्यापुरती. मालिकेने त्यात एकच भर घातली: नेल्सन त्याला बिछान्यात चालतो, सभासद म्हणूनही चालतो, पण सायक्लॉप्सविरुद्ध मदत मागितली की काळ्यांच्या भानगडी तुझ्या तू निस्तर म्हणून फोन ठेवतो. त्या फोननंतर विल गोदामात एकटाच शिरतो आणि कुणालाही जिवंत सोडत नाही. त्याआधी पत्रकार परिषदेतही तेच घडतं. विल सायक्लॉप्सबद्दल बोलायला तोंड उघडतो आणि नेल्सन विषय मोलॉक नावाच्या खलनायकाकडे वळवतो. खऱ्या कटापेक्षा रंगीबेरंगी खलनायक छापायला बरा.

---

सावळी_संध्या

इतिहासाबद्दल थोडं, कारण काही मित्रमंडळींना टल्सा काल्पनिक वाटतं. ते खरं आहे. ३१ मे आणि १ जून १९२१, ओक्लाहोमातल्या टल्सा शहराचा ग्रीनवूड भाग, काळ्या व्यापाऱ्यांची भरभराटीची वस्ती. गोऱ्या जमावाने ३५ च्या आसपास चौक जाळले. मृतांचा आकडा ३०० पर्यंत असावा असा अंदाज मांडला जातो. ड्रीमलँड थिएटर तिथे खरंच होतं आणि ते जळालं. शाळेच्या पुस्तकांत हे अनेक दशकं आलंच नाही, राज्याच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला २००१ मध्ये.

सहाव्या भागातला दुसरा खरा माणूस चटकन निसटतो. विलच्या दीक्षान्त समारंभात गोरा अधिकारी सगळ्यांना बिल्ले लावत येतो आणि विलला गाळून पुढे जातो. मग एक काळा लेफ्टनंट पुढे होऊन बिल्ला लावतो आणि कानात सायक्लॉप्सपासून सावध राहायला सांगतो. हा सॅम्युएल बॅटल. न्यूयॉर्क पोलिसांत १९११ मध्ये दाखल, आणि १९३५ मध्ये तिथला पहिला काळा लेफ्टनंट. म्हणजे १९३८ च्या प्रसंगात त्याचा हुद्दा अचूक आहे. कानातलं वाक्य अर्थात लेखकांचं.

आणि वर्ष १९३८ च का? पेपरच्या ठेल्यावरचा माणूस विलला नवं कॉमिक दाखवतो, ते 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, सुपरमॅनचा जन्म, मुखपृष्ठावर जून १९३८. तो कथा सांगू लागतो: जग नष्ट होताना बापाने बाळाला यानात घालून पाठवलं. त्या वेळी विलच्या चेहऱ्याकडे बघा. त्याला जळत्या टल्सातून बापाने गाडीवरच्या पेटीत घालूनच बाहेर पाठवलं होतं, खिशात 'या मुलाकडे लक्ष ठेवा' अशी चिठ्ठी. चिठ्ठी ज्या कागदाच्या पाठीवर लिहिली तोही बघण्यासारखा: पहिल्या महायुद्धात जर्मनांनी काळ्या अमेरिकन सैनिकांवर टाकलेलं प्रचारपत्रक, ज्या देशात तुम्हाला हक्क नाहीत त्याच्यासाठी का लढता असं विचारणारं. अशी पत्रकं १९१८ मध्ये खरोखर टाकली गेली होती.

आणि जून म्हणजे त्याच रात्री विलला माळावर सापडलेलं तान्हं बाळ. सहाव्या भागात हे एका ओझरत्या वाक्यात येतं, निसटलं असेल तर परत ऐका.

---

बघ्या_नंबर_एक

मस्त चर्चा. पण खरी मजा सातव्यात आहे, जेव्हा कळतं की तिचा न~~~~ *(मजकूर लेखकाने स्वतः काढला)*

---

पानसुपारी

@बघ्या_नंबर_एक, शीर्षकात कंसात काय लिहिलंय ते वाचा की राव.

@निशाचर_७७, काही वाचू नका, सरळ सातवा लावा. आणि आठव्या भागाचं नाव यादीत दिसतं ते हाताने झाका. विनोद नाही, नावातच सगळं आहे.

---

चौकट_आणि_चाळा

पाचवा प्रश्न राहिला. कॉमिक १२ अंकांचं आहे, १९८६-८७, चित्रं डेव्ह गिबन्स. सगळं वाचायला निवांत आठवडा लागतो, घाईने वाचायची गोष्टच नाही ती. तुम्ही सहाव्यावर असताना मालिका तोडून आठवडाभर थांबावं असं मी म्हणणार नाही. कॉमिक हाताशी असेल तर एवढंच करा: पहिल्या तीन अंकांच्या शेवटची 'अंडर द हूड'ची पानं वाचा. फार नाहीत, एका बैठकीत होतात. १९३८ ची गल्लीतली मारामारी (थिएटरातून परतणारं जोडपं, हल्लेखोर) तिथे होलिसच्या शब्दांत सापडेल. विल गळ्यात तुटका फास घेऊन घरी चाललेला असतो आणि किंकाळी ऐकून पिशवीला डोळ्यांची छिद्रं पाडतो, तो हाच प्रसंग. वाचल्यावर भागातला तेवढाच तुकडा परत लावा. होलिसला पुढून दिसलं ते आणि आपल्याला आतून दिसलं ते, दोन्ही शेजारी ठेवता येतात.

पहिला अंक मात्र पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. एकदा सुरू केलं की मालिका बाजूला राहते आणि सातव्या-आठव्या भागातले काही धक्के आधीच अर्धे कळतात.

एचबीओने भागांबरोबर 'पीटीपीडिया' नावाने कागदपत्रं टाकली होती, एफबीआयच्या डेल पीटीने जमवलेली कात्रणं आणि टिपणं अशा थाटात. मिळाली तर वाचा, पण भागांच्या क्रमानेच, पुढच्या भागाची फाइल आधी उघडू नका. आणि एक बारीक चिमटा: कॉमिकमध्ये 'नॉस्टॅल्जिया' हे एड्रियन व्हाइट (Veidt) या पात्राच्या कंपनीचं अत्तर आहे. तीस वर्षांत त्याच नावाची गोळी झाली.

---

निशाचर_७७

सर्वांचे आभार. पहिल्या भागाची सुरुवात आणि दुसऱ्यातलं दुकान परत पाहिलं, टीव्हीचा व्हिविड मोड काढला. गल्लीतल्या मारामारीत बुरख्याची शिवण दिसते आता, आधी नुसता काळा गोळा दिसत होता. आठव्याच्या नावावर अंगठा ठेवून सातवा लावतोय.

---

रद्दीतला_राजा

सातवा झाला की सॅलीच्या मुद्द्यावर परत या. तात्यांनी तो हळूच सोडून दिलाय.